ओखामंडळाचे फोटो

रविवार, रात्री

आत्याने दिलेल्या पाकिटातले फोटो आज टेबलावर दोन गठ्ठ्यांत लावले. द्वारका एकीकडे, ओखा एकीकडे. दोन्ही जागांत अंतर तीसेक किलोमीटरचं, दोन्ही बडोदे राज्यातल्या, काढणाराही बहुधा एकच. तरी पाहताना वाटतं, दोन वेगळ्या माणसांनी काढलेत.

पणजोबा राज्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांच्या नोकरीतली काही वर्षं ओखामंडळात, म्हणजे द्वारका-ओख्याच्या टापूत, गेली. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात ‘अण्णा ओख्याला असताना’ असं म्हटलं की सगळ्यांना काळ कळायचा. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अमरेली, कडी, नवसारी, द्वारका ही आधी बदलीची गावं, मग बाकी काही. राज्यच तुकड्यातुकड्यांचं होतं. बडोद्याहून द्वारकेला जायचं तर वाटेत कितीतरी दुसऱ्या संस्थानांच्या हद्दी लागायच्या. तो पार पश्चिमेचा टापू इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायकवाडांकडे दिला आणि 1949 साली बडोदे मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो इथूनच चालला.

द्वारकेचे फोटो म्हणजे देवळाचं शिखर, शिखर आणि शिखर. गोमती घाटावरून वर पाहत काढलेलं, छप्पन पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून काढलेलं. आजही तिथे जो तो मोबाइल उचलून हेच करतो आणि त्यात वावगं काही नाही. बावन्न गजी ध्वजा फडफडताना दिसली की नजर दुसरीकडे जातच नाही. पण म्हणून त्या फोटोंत गाव सापडत नाही. एकच निराळा आहे. ओहोटीची वेळ, गोमती उतरलेली, आणि चार-पाच बाया डोक्यावर गाठोडी घेऊन, गुडघाभर पाण्यातून पलीकडे निघालेल्या. सुदामा सेतू आत्ता आत्ताचा, 2016 चा. त्याआधी पलीकडे जायचं म्हणजे होडी, नाहीतर ओहोटीची वाट बघणं. या बायांना ओहोटी कधी लागते ते ठाऊक होतं, आणि पणजोबांनाही तेव्हाच कळलं असावं, म्हणून त्यांनी कॅमेरा देवळाकडून वळवला. हा फोटो मी किती वेळ बघत बसले.

ओख्याच्या गठ्ठ्यात पहिले काही फोटो तर नुसते रिकामे आहेत. वाळू, झुडपं, रोवलेले बांबू, लांब पाण्याची रेघ. आत्या म्हणाली, “अगं, यात काय बघायचं? काहीच नाहीये.” मला तेच बघायचं होतं. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी, समोर बेट द्वारका आडवं असल्याने आडोसा मिळालेलं खोल पाणी. बारमाही बंदर व्हायला याहून काय हवं? सयाजीरावांच्या मनात या किनाऱ्याचं बरंच आधीपासून होतं. बंदराच्या कितीतरी आधी त्यांनी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्रातले शंख, शिंपले, मोत्यांची कालवं यांचा अभ्यास करून घेतला. त्याचा अहवाल दोन भागांत, 1909 आणि 1916 साली छापला गेला. बेटाचं जुनं नाव शंखोद्धार, ते काही उगाच नाही.

पुढच्या फोटोंत पाण्यात खांब उभे राहतात, मग त्यांवर फळ्या, मग रेल्वेच्या वाघिणी. फोटो ओळीने लावले की धक्का समुद्रात पुढे सरकताना दिसतो. बंदर 1926 साली सुरू झालं. तिथल्या एका धक्क्याला आजही सयाजी पिअर म्हणतात. आणि लगेच 1927 साली इंग्रज सरकारने वीरमगामची जकात-नाकाबंदी परत आणली. गांधीजींनी ज्या नाक्याबद्दल आवाज उठवला आणि 1917 मध्ये जो बंद झाला, तोच. काठेवाडच्या बंदरांत उतरलेला माल रेल्वेने आत न्यायचा तर वीरमगामला पुन्हा तपासणी, पुन्हा जकात. जामनगरचं बेडी आणि बडोद्याचं ओखा मुंबईचा व्यापार ओढतील ही भीती, दुसरं काय! इतकी वर्षं लोटली तरी हे वाचताना मला राग येतो. एका संस्थानाने पदरचे पैसे घालून समुद्रात उभं केलेलं काम, आणि त्याच्या वाटेवर वर्षभरात फाटक.

मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने मोडीत लिहिलंय. मोडी मला अडखळत का होईना, लागते. ‘मे. इंजिनिअरसाहेब’, ‘सुभेसाहेबांची फेरी’, ‘धक्का, पूर्व बाजू’. हुद्दे सगळे आलेत. आणि एका फोटोत खांबाला दोर बांधून कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली सहा माणसं आहेत, चेहरे अगदी स्वच्छ, एकाच्या कानात बाळी. त्यामागे फक्त ‘मजूर’. पणजोबांबद्दल मला फार प्रेम आहे, पण इथे जीव चरकतो. ते रोज या माणसांची हजेरी घेत असणार. नावं त्यांना पाठ असणार.

ही माणसं इथल्या किनाऱ्यावरच्या जमातींतली, वाघेर असतील, खारवे असतील, दोन्ही असतील. पागोट्याच्या बांधणीवरून मला इथे बसून सांगता येणार नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना कदाचित एका नजरेत येईल. ज्यांनी धक्के बांधले त्यांच्या नातवंडांची घरं आरंभड्याला, ओख्यात, बेटात असतीलच. 2024 पासून बेटात सुदर्शन सेतूवरून गाडीने जाता येतं, त्यामुळे आत्यालाही नेता येईल. होडीत चढायला तिचे गुडघे तयार नव्हते.

मूळ फोटो नेणार नाही. काळ्या भागांवर चांदीसारखी झाक चढायला लागलीये, त्यांना आता प्रवास नको. स्कॅन करून मोठ्या आकाराच्या प्रती काढायच्या, मजुरांच्या फोटोची तर प्रत्येक चेहऱ्याची वेगळी. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “दिवाळीनंतर जाऊ. आणि प्रती जास्त काढ, ज्यांचा असेल त्यांना देऊन यायला लागतील.”