मावशीचा थायरॉइडचा रिपोर्ट
आज मावशीचा रिपोर्ट आला, टीएसएच 38! (टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं.) नॉर्मल साधारण 4-5 च्या आत असतो. गेले कित्येक महिने ती गप्प गप्प, कशात मन लागत नाही, केस गळतायत, भर उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणायची, आणि घरात जो तो सांगणार, मनावर घेऊ नकोस, देवळात जाऊन ये. अहो पण गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी हार्मोन कमी बनवायला लागली की सगळं शरीरच मंदावतं, मेंदूसुद्धा, त्यातून उदासी येते, विसरायला होतं. तिला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते झाले?" फार वाईट वाटलं ऐकून.

आता थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच कमी पडणाऱ्या हार्मोनची गोळी सुरू, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास चहा नाही, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी, 6-8 आठवड्यांनी परत टेस्ट. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही हं. आणि प्रत्येक उदासी थायरॉइडचीच असते असंही नाही, रिपोर्ट नॉर्मल येऊनही मन उठत नसेल तर सरळ सायकियाट्रिस्टकडे जा, त्यात लाजायचं काय? पण रक्ताची तपासणी तेवढी करून घ्याच, प्लीज.