सोलापुरात काउन्सेलर शोधताय? आधी डिग्री विचारा

आमच्या शेजारच्या मावशी पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, काका गेल्यापासून त्यांना झोप नाही, छातीत धडधड, ईसीजी-बीसीजी सगळं नॉर्मल. शेवटी फॅमिली डॉक्टर म्हणाले काउन्सेलरकडे न्या. पाट्या तर जुळे सोलापूरपासून सात रस्त्यापर्यंत दिसतात, पण आत बसलेला माणूस काय शिकलाय ते पाटीवर नसतं!

एका ठिकाणी भिंतीवर मस्त फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, जवळ जाऊन वाचलं तर दोन दिवसांच्या वर्कशॉपचं. मावशींचं निम्मंसुद्धा ऐकून न घेता "पॉझिटिव्ह राहा, मन रमवा" म्हणून सांगितलं आणि फी घेतली. मला खरंच संताप आला, कारण त्या बाईनं महिनोन्‌महिने हिंमत गोळा करून तोंड उघडलं होतं.

तर हे नीट समजून घ्या. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मानसोपचार शिकलेला डॉक्टर, या सगळ्यांत औषध तोच लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो टेस्ट आणि थेरपी करतो, आणि त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, बहुतेकांचं एम.फिल. झालेलं असतं. नोंदणीला सीआरआर नंबर असतो, तो सरळ मागायचा आणि कौन्सिलच्या साइटवर बघायचा. नुसतं 'काउन्सेलर' मात्र कुणीही लावतं, त्यामुळं तिथं सायकॉलॉजीत एमए आहे का, कुणाच्या हाताखाली काम केलंय, हे विचाराच. लाजायचं काय त्यात, सोनं घेताना हॉलमार्क बघतोच की आपण.

आणि सोलापुरात भाषा पण बघा बरं का. मावशी मराठी फर्डं बोलतात, पण काकांचा विषय निघाला की आपोआप तेलुगूत जातात, मधे सून बसून मराठीत सांगायला लागली की त्या गप्पच होतात, सुनेसमोर काय बोलणार त्या तरी. कन्नड घरांचंही तेच.

पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला मानसोपचारची ओपीडी आहे, केस पेपर काढून दाखवता येतं. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६, टेली मानस, सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली फुकट हेल्पलाइन, चोवीस तास चालू, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत बोलता येतं.

मावशींना आता तेलुगू येणाऱ्या मॅडम मिळाल्यात. सीआरआर नंबर विचारला तर अजिबात न चिडता त्यांनी स्वतःच सर्टिफिकेट काढून दाखवलं, आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा हं थोडा वेळ."