पांढरं फडकं आणि लाल रेघ

आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे पूर्वी बाबांचा खनिज वाहणारा टिपर उभा असायचा. 2012च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या, 2018च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. त्या दुसऱ्या खेपेला बाबांनी टिपर विकला. कॉम्प्रेसर, ग्रीस गन आणि पान्यांची पेटी मात्र गिऱ्हाइकाने मागूनही दिली नाही. आता त्या जागेवर माझी एक्सपल्स 200 मोटरसायकल उभी असते. मातीतल्या रेससाठी गाडी कशी ठेवायची यातलं मला जे येतं, त्यातलं निम्मं त्या टिपरच्या घरातून आलेलं आहे.

मागच्या रेसला दोन मुली भेटल्या. दोघींनी नुकत्याच गाड्या घेतलेल्या. "ताई, आधी एक्झॉस्ट बदलू की ईसीयू?" ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर; दोन्ही बदलतात ते पॉवरसाठी. मी म्हटलं, आधी तुमचं वजन सांगा. त्या गोंधळल्या, आणि तेवढ्यात माझ्या हीटचा, म्हणजे रेसमधल्या माझ्या फेरीचा, पुकारा झाला. तेव्हा राहून गेलेलं उत्तर आज सविस्तर लिहिते आहे.

पैसे हातात असतील तर पहिले हवेच्या फिल्टरवर घाला आणि दुसरे स्प्रिंगवर. पॉवर नंतर.

साखळी, डिचोली, सत्तरी या आपल्या पट्ट्यातली माती जांभ्याची. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, लाल रंग लोहाचा. पाऊस गेला की दिवाळीनंतर सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, ही माती सुकत जाते आणि फेब्रुवारीपर्यंत अगदी पीठ होते. पुढच्या गाडीच्या मागून दोन फेऱ्या मारल्या की दातांत करकर लागते. इंजिन हीच हवा ओढत असतं. आत गेलेली धूळ तेलात मिसळते, आणि ते तेल पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे पॉलिश पेपरचं काम करत राहतं.

माझ्या पहिल्या सीझनला हे घडलं. रेसच्या आदल्या रात्री फिल्टर धुतला, पहाटे तेल लावून बसवला. घाई होती. फोमच्या फिल्टरला कडेने जी ओठासारखी पट्टी असते, ती एका कोपऱ्यात आत दुमडली. वरून बघताना सगळं जागच्या जागी दिसत होतं. तीन हीट पळवल्या. तिसऱ्या हीटला सरळ रस्त्यावर गाडी मागे खेचल्यासारखी वाटली, आणि घरी आल्यावर एक्झॉस्टमधून निळसर धूर. तेलाची पातळी खाली गेलेली.

बाबांनी काही विचारलं नाही. आईच्या जुन्या पांढऱ्या साडीचं फडकं घेतलं, बोटाला गुंडाळलं, फिल्टर काढला आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोट फिरवलं. ती बाजू कोरी असायला हवी. बोट बाहेर आलं तेव्हा फडक्यावर कुंकवाची बोटं ओढावीत तशी लाल रेघ होती. ते फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाय, इंजिन उघडूया." सिलिंडरमध्ये उभे ओरखडे होते, नख लावलं तर अडकावं इतके खोल. ब्लॉक-पिस्टनचा पूर्ण सेट बदलावा लागला. त्या सीझनच्या पुढच्या रेसचे पैसे त्यातच गेले.

तेव्हापासून माझ्याकडे तीन फिल्टर आहेत. मूळ कागदी फिल्टर काढून टाकला आणि धुता येणारे फोमचे घेतले. धुताना आधी रॉकेल किंवा फिल्टर क्लीनर. पेट्रोल कधीच नाही, त्याने फोमचे जोड सुटतात. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. पिळायचा नाही, दोन्ही तळव्यांत धरून नुसता दाबायचा, नाहीतर फोम फाटतो. सावलीत वाळवायचा. पूर्ण कोरडा झाल्यावरच फिल्टरचं तेल घालायचं, आणि सगळीकडे एकसारखा रंग दिसेपर्यंत पुन्हा दाबत राहायचं. फिकट डाग राहिला म्हणजे तिथून धूळ जाणार. शेवटी कडेच्या पट्टीवर ग्रीसचा पातळ हात. बसवल्यावर बोटाने पूर्ण परीघ चाचपायचा. यातलं काहीही रेसच्या ठिकाणी करायचं नाही. घरीच तेल लावून बंद पिशवीत भरून न्यायचं आणि दर दिवसाला एक बदलायचा. टिपर चालवायचे तेव्हा बाबा रोज संध्याकाळी, कितीही दमले असले तरी, एअर क्लीनरला हवा मारल्याशिवाय जेवायला बसत नसत. लहानपणी मला वाटायचं ती त्यांची सवय आहे. आता कळतं की ट्रकचे हप्ते फेडायचे असतील तर इंजिन टिकायला हवं, आणि ते असंच टिकतं.

आता वजनाचं.

माझं वजन 52 किलो. हेल्मेट, बूट, गार्ड धरून 60. कंपनीतून येणारी गाडी दोन माणसं आणि सामान धरून बनवलेली असते. तिची मागची स्प्रिंग माझ्यासाठी फळीसारखी कडक होती. दगडावरून मागचं चाक उडायचं आणि मला वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. पहिलं वर्ष मी हा दोष स्वतःवर घेऊन काढलं.

मग एका रविवारी आम्ही सॅग मोजला, म्हणजे वजनाने गाडी स्प्रिंगवर किती खाली बसते ते. इंजिनाखालच्या प्लेटला आधार म्हणून चिरे रचले, वर फळी ठेवली आणि मागचं चाक अधांतरी केलं. ॲक्सलपासून वर सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण, आणि त्या दोहोंमधलं अंतर टेपने. मग गाडी जमिनीवर, एकटी, तेच अंतर. मग सगळं अंगावर चढवून मी पेगवर उभी, हळूच सीटवर, भाऊ हँडल धरून, आणि बाबा गुडघ्यावर बसून टेप वाचतायत. आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले, ते पान अजून शेडमध्ये टांगलेलं आहे. गाडी स्वतःच्या वजनाने 12 मिलिमीटर बसत होती, माझ्यासकट 43. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला वर-खाली 170 मिलिमीटरची चाल आहे. बसल्यावर तिच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 55च्या आसपास यायला हवं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग मुळात किती दाबून बसवली आहे ते, आधीच सगळ्यात खालच्या खाचेवर होता, म्हणजे अजून सैल करायला वावच नव्हता.

इथे बरेच जण फसतात, म्हणून नीट सांगते. समजा प्रीलोड सैल करून तुम्ही बसल्यावरचा आकडा बरोबर आणला, पण गाडी एकटीच खूप खाली बसायला लागली, तर स्प्रिंग मऊ आहे असं वाटतं. खरं उलट असतं. स्प्रिंग कडक आहे, म्हणूनच ती इतकी सैल सोडावी लागली. आणि उलट बाजूने, प्रीलोड आवळून आवळून आकडा आणलात आणि गाडी एकटी जेमतेम बसते, तर स्प्रिंग मऊ आहे. म्हणून एका आकड्यावर भरवसा नको. दोन्ही लिहून ठेवा.

कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन जुन्या स्प्रिंगचा नमुना दिला आणि तिच्यापेक्षा मऊ बनवून घेतली. एकदा परत पाठवावी लागली, उंची दोन मिलिमीटर जास्त होती. आता एकटी 15, माझ्यासकट 55. त्यानंतर पहिल्यांदा सड्यावर गेले तेव्हा मागचं चाक दगडांवरून जमिनीला चिकटून जात होतं. मी थांबले आणि हेल्मेटमध्येच रडले. वर्षभर मी ताकद कमी आहे म्हणून जोर-बैठका काढत होते. 2019 साली ऐश्वर्या पिसेने मोटरसायकलींच्या बाहा वर्ल्ड कपमध्ये महिला गटाचं विजेतेपद मिळवलं, ती बातमी वाचून मी या खेळाकडे वळले. पण आपली गाडी आपल्या अंगाची करून घ्यायची असते, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एक दात लहान केलंय. ते मागे साधारण तीन दात वाढवल्याइतकं होतं आणि स्वस्तात होतं, पण चेन घासते ती स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी लवकर झिजते, ती बघत राहा. चेन रस्त्यावरच्या गाडीपेक्षा सैल ठेवा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा ती सगळ्यात ताठ असते, त्या स्थितीत थोडी ढील उरली पाहिजे. टायरमधली हवा खूप कमी करू नका. जांभ्याच्या धारेवर ट्यूब चावली जाते. मी 16 पीएसआयच्या खाली जात नाही. ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प कचकचून आवळू नका, पडल्यावर लिव्हर फिरला पाहिजे, मोडता नये.

आरे मात्र दर हीटनंतर. बाबा भजनात पखवाज वाजवतात, त्यामुळे हे काम त्यांचं. चाक फिरवत पान्याने एकेक आरा वाजवतात. ताठ आरा टण्ण बोलतो, सैल झालेला थड्ड. रिम लॉकच्या (टायर रिमवर सरकू नये म्हणून बसवलेल्या पकडीच्या) शेजारचे आधी सैल होतात. आवळताना पाव फेरा, आणि लागोपाठचे नाहीत, दर तिसरा घेत तीनदा चाक फिरायचं, म्हणजे रिम वाकडी होत नाही.

फोर्कमधून, म्हणजे पुढच्या शॉकच्या नळ्यांमधून, तेल झिरपायला लागलं तर लगेच सील बदलायला धावू नका. बऱ्याचदा सीलखाली मातीचा एखादा कण अडकलेला असतो. वरचं रबरी टोपण वर सरकवा, जुन्या एक्स-रेची पट्टी कापून तिच्या टोकाला आकडा करा आणि सील व नळीच्या मधून गोल फिरवून ओढा. आजीच्या गुडघ्याच्या एक्स-रेने माझे दोन सील वाचवलेत.

पावसाचे चार महिने निराळेच. धुळीऐवजी लाल चिकण. गाडी धुताना प्रेशरचं पाणी ॲक्सल, स्विंगआर्म आणि हँडलच्या बेअरिंगवर मारू नका. ग्रीस बाहेर पडतं आणि पाणी आत बसतं. जूनच्या आधी आणि सप्टेंबरनंतर मी ही सगळी बेअरिंग उघडून पुसून पुन्हा भरते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवते, कारण त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही.

रविवारी रेस आहे. दोन फिल्टर पिशवीत भरून झाले. तिसरा कालपासून पडवीत दोरीवर टांगलाय, पण रात्री अवकाळी सर येऊन गेली आणि तो अजून दमट लागतोय. बाबा सकाळपासून दोनदा दाबून बघून आले.