25 टक्क्यांचा हवालदार

गणपतीच्या आधी घर आवरायची जी घाई असते, तशी मला गेली काही वर्षं ऑफिसात होते. ऑगस्ट लागला की पोटात गोळा. 31 ऑगस्ट ही सायबर सुरक्षेच्या वार्षिक प्रशिक्षणाची आमची शेवटची तारीख, आणि 2023 मध्ये ती एका माणसापायी जवळजवळ हुकली. यादीत 41 नावं, 40 जणांचं जुलैतच झालेलं. राहिला तो एकटा.

मी टेक्सासमधल्या एका लहान काउंटीत ट्रेझररच्या ऑफिसात डेप्युटी आहे. लहान काउंटीत या ऑफिसचं काम म्हणजे पगार, रजा, विमा, नव्या माणसाचे कागद आणि शिवाय जे कुणाच्याच टेबलावर बसत नाही ते सगळं. सायबर सुरक्षेचं वार्षिक प्रशिक्षण असंच सरकत सरकत माझ्याकडे आलं.

आमचे अप्पा सोलापूर जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. त्यांना माझी नोकरी अजून समजलेली नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. काउंटी म्हणजे जिल्हा, इथपर्यंत ठीक. पुढचा त्यांचा प्रश्न, "तुमचा सीईओ कोण?" कुणीच नाही. कलेक्टर? तोही नाही. शेरीफ (इथला पोलिसांचा प्रमुख), क्लार्क (कारकून नव्हे, काउंटीच्या नोंदी ठेवणारा अधिकारी), ट्रेझरर, कर गोळा करणारा, सगळे आपापले निवडून आलेले. वर कमिशनर्स कोर्ट. नाव कोर्ट, पण काम बरंचसं आपल्या स्थायी समितीचं: एक काउंटी जज आणि चार कमिशनर बसून बजेट ठरवतात. पैसा त्यांच्या हातात, पण शेरीफला किंवा क्लार्कला 'तू हे कर' असं फर्मान ते सहसा काढू शकत नाहीत. "मग मेमो कोण देतं?" अप्पा. मी गप्प. ज्या कचेरीत मेमो नाही ती चालते कशी, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

अशा 254 काउंटी टेक्सासमध्ये आहेत. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत 47 लाखांवर लोक आणि पश्चिमेकडच्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत मोजून 64. कायदा दोघींना एकच. हॅरिसकडे वकिलांची फौज आहे. आमच्याकडे निवडून आलेला एकच काउंटी अ‍ॅटर्नी, तोही उरलेल्या वेळात स्वतःची वकिली करतो. कॉम्प्युटरवाला आठवड्यातून दोन दिवस येतो. आमच्यासारख्यांचा आधार म्हणजे टेक्सास असोसिएशन ऑफ काउंटीज, सगळे नुसतं 'टॅक' म्हणतात. काउंट्यांनीच 1969 मध्ये काढलेली संस्था, ऑफिस ऑस्टिनला. गाड्यांचा आणि दायित्वाचा विमा, कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा, काउंटीची वेबसाइट आणि ईमेल, निवडून आलेल्यांसाठी वर्ग, कायद्याच्या शंका विचारायला फोन, विधिमंडळात काउंट्यांची बाजू मांडणं, असं सगळं तिथे चालतं. विम्यासाठी लहानमोठ्या काउंट्या पैसे एकत्र टाकतात आणि त्या साठ्यातून नुकसान भरलं जातं. भिशीची थोरली बहीण म्हणा. आमच्या रस्तेवाल्या माणसाचा गुडघा गेला तेव्हा तो दावा इतका सुरळीत पार पडला की त्याबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नाही.

लिहायला आहे ते या कोर्सबद्दल.

2019 मध्ये राज्याने कायदा केला की स्थानिक सरकारातल्या माणसांनी दरवर्षी सायबर सुरक्षेचा मान्यताप्राप्त कोर्स करायचा. सुरुवातीला कुरकुर झाली. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या वीसहून जास्त स्थानिक संस्थांचे कॉम्प्युटर खंडणीखोरांनी एकाच दिवशी गोठवले, आणि कुरकुर थांबली. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती आली: ज्यांना काउंटीच्या यंत्रणेत प्रवेश आहे आणि ज्यांच्या कामाचा किमान 25 टक्के भाग कॉम्प्युटरवर होतो, त्यांनाच कोर्स सक्तीचा. 'किमान 25 टक्के' हे शब्द लक्षात ठेवा, माझा ऑगस्ट त्यांनीच खाल्ला.

कोर्स टॅकचाच, राज्याची मान्यता असलेला, आम्हाला मोफत. एका बैठकीत होतो. मी नावं पाठवली, लोकांनी लॉगिन केलं, शेवटची चाचणी दिली, झालं. त्यांच्या बाजूने एकदाही काही अडलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं चिडून लिहिलेलं आहे.

एक सांगायचं राहिलं. नावांची यादी जूनमध्येच करा आणि पगारपत्रकावर आहे तसंच नाव घाला. आमच्या क्लार्कच्या ऑफिसात एकीचं लग्न झालं, ती दोन नावांनी दोनदा यादीत आली आणि दुसरी 'ती' महिनाभर अपूर्ण दिसत राहिली. तिच्या मागे मी दोनदा लागले. तिसऱ्यांदा तिने लग्नाचा फोटोच दाखवला.

तर घोडं पेंड खाल्लं ते कॉन्स्टेबलपाशी.

अप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसायलाच लागले. "हवालदाराला एवढं घाबरतेस? साहेबाला सांग, करेल तो गुपचूप." अप्पा, इथला कॉन्स्टेबल हवालदार नाही हो. तो आपल्या प्रीसिंक्टमधून, म्हणजे काउंटीच्या एका विभागातून, चार वर्षांसाठी निवडून येतो. कोर्टाचे समन्स बजावतो, भाडेकरूकडून घर रिकामं करून घेतो, जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे किरकोळ खटल्यांच्या, कोर्टात पहारा देतो. त्याचा साहेब म्हणजे मतदार. अप्पा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे नगरसेवकाला पोलिसाचा पट्टा दिलाय."

अगदी तसंच.

माणूस वाईट नाही. साठीचा, मोठ्या टोपीचा, प्रत्येक वाक्यात 'मॅम'. जूनमध्ये आठवण केली, "येस मॅम." जुलैत केली, "येस मॅम." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये गाठलं तेव्हा टोपी काढून शांतपणे म्हणाला, "मॅम, मी कायदा वाचलाय. माझं काम 25 टक्के कॉम्प्युटरवर होत नाही. मी त्यात येत नाही."

आदल्या वर्षी तो त्यात आला होता. त्याच्या आधीच्याही वर्षी. पण 2023 मध्ये त्याने कायदा वाचला होता.

मला वाटलं, जाऊ दे, 41 पैकी 40 असं लिहून मोकळी होते. पण जजसाहेबांच्या टेबलावर शेरीफच्या बॉडी कॅमेऱ्यांसाठीचा राज्याच्या अनुदानाचा अर्ज होता, आणि त्यासोबत त्यांना सही करून द्यायचं होतं की प्रशिक्षणाचा कायदा आम्ही पाळला आहे. न पाळता अनुदान घेतलं आणि पुढे सापडलं, तर रक्कम परत करायची आणि दोन वर्षं नवीन अनुदान बंद. जज म्हणाले, "एकही नाव लोंबकळत असेल तर मी सही करणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. राग मात्र मलाच गिळावा लागला.

मग मी कॉन्स्टेबलला म्हटलं, ठीक आहे, तुम्ही यात येत नाही हे लेखी द्या.

चार दिवसांनी त्याने दिलं. त्याने चक्क एक आठवडाभर तासांची नोंद ठेवली होती. 40 तास. समन्स बजावणी इतके, कोर्टात पहारा इतका, गाडीत इतके, कॉम्प्युटरवर साडेआठ. म्हणजे 21.25 टक्के. दशांश चिन्हासकट. आणि हे सगळं एक्सेलच्या कोष्टकात, रकान्यांना वेगवेगळे रंग, खाली वर्तुळाचा तक्ता, रंगीत प्रिंट. कॉम्प्युटर फारसा वापरत नाही हे सिद्ध करायला माणसाने एक्सेलमध्ये वर्तुळाचा तक्ता काढला होता!

मी तो कागद हातात धरून बसले. हसू की रडू. विचारलं, "हे करायला किती वेळ लागला?"

"बराच लागला, मॅम."

"तो वेळ यात धरलाय?"

त्यावर 'येस मॅम' आलं नाही.

मग मी 'गाडीत' या रकान्याकडे नीट पाहिलं. त्याच्या गाडीत डॅशबोर्डपाशी लॅपटॉप बसवलेला आहे, काउंटीच्या यंत्रणेला जोडलेला. नंबर प्लेट तपासणं, पत्ते बघणं, बजावणीची नोंद, सगळं त्यावर. त्याने ते सहा तास गाडीत मोजले होते, कॉम्प्युटरमध्ये नाही. साडेआठ आणि सहा, साडेचौदा. 36.25 टक्के. मीही दशांशासकट लिहून दिलं. तो म्हणाला, "मॅम, तो गाडीचा भाग आहे."

आता हे ठरवणार कोण? मी? मी डेप्युटी, तो निवडून आलेला. आमच्या ट्रेझररबाई? त्याही निवडून आलेल्या, पण त्यांची त्याच्यावर काडीची सत्ता नाही. काउंटी अ‍ॅटर्नी खटल्यात अडकलेले. तेव्हा बाईंना विचारून मी टॅकच्या कायदा विभागाला फोन लावला. हे मी तीन आठवडे आधी करायला हवं होतं. मोठ्या संस्थेला असल्या फुटकळ भांडणासाठी काय त्रास द्यायचा, असं वाटत राहिलं. आपल्याकडची सवय आहे ती. मंत्रालयात फोन करायच्या आधी आपण चार चहा पितो. तिकडच्या वकील बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. वर्तुळाच्या तक्त्यापाशी त्या क्षणभर गप्प झाल्या, बहुधा फोन तोंडापासून लांब धरला असावा.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, कायद्याची भाषा नीट वाचा: कोण 25 टक्क्यांत येतं हे ओळखायचं काम दरवर्षी स्थानिक सरकारने करायचं आहे, त्या त्या माणसाने स्वतःबद्दल नाही. दोन, कोर्स न करणाऱ्याचा काउंटीच्या यंत्रणेतला प्रवेश बंद करण्याची मुभा कायदा कमिशनर्स कोर्टाला देतो. तीन, आम्ही माहिती देतो, सल्ला तुमच्या काउंटी अ‍ॅटर्नीचाच घ्या. आणि हेही म्हणाल्या, की त्याला कोर्सला बसवणं आमच्या हातात नाही.

ते खरंच त्यांच्या हातात नव्हतं. टॅक कोर्स देते, फोन उचलते, वकील देते. कॉन्स्टेबल मात्र आमचा आम्हालाच.

त्या फोनवरचं मी अ‍ॅटर्नींना लिहून पाठवलं, दुपारच्या सुट्टीत त्यांनी उत्तर दिलं: बरोबर आहे, विषय पटलावर घ्या. पुढची बैठक सोमवार, 28 ऑगस्ट, सकाळी 9. उघड्या बैठकांच्या कायद्याप्रमाणे विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागायची, म्हणजे शुक्रवारी 9 च्या आत. (1 सप्टेंबर 2025 पासून हे बदललं, आता तीन कामकाजाचे दिवस लागतात. कुणी माझं वाचून 72 तास धरून बसू नका.) शुक्रवारी साडेआठला कोर्टहाऊसच्या दाराशी कागद लागला. विषय 11: सायबर सुरक्षा प्रशिक्षण अपूर्ण असलेल्या व्यक्तींचा संगणक यंत्रणेतील प्रवेश, विचार व कार्यवाही. नाव कुणाचंच नाही. पण आमच्या गावात नाव लिहावं लागत नाही. दुपारी कॅफेत जेवायला गेले तर वाढणारी म्हणाली, "टोपीवाल्याचा लॅपटॉप काढून घेताय म्हणे!"

शनिवार-रविवार मला झोप नाही. वाटलं, उगाच एका म्हाताऱ्या माणसाला गावासमोर उभं केलं. अप्पा म्हणाले, "नियमाने कागद लावलास ना? मग झोप."

सोमवारी पावणेआठला दार वाजलं. बाहेर इतक्या लवकरही उकाडा, त्याच्या शर्टाची पाठ भिजलेली. त्याने टोपी माझ्या फाइलींवर उलटी ठेवली, चष्मा लावला आणि म्हणाला, "मॅम, तुमच्या कॉम्प्युटरवर केलं तर चालेल? ऑफिसातला माझा फार हळू आहे." मी खुर्ची दिली. दोन बोटांनी टाइप करत होता. मला तो वर्तुळाचा तक्ता आठवला, म्हटलं हे याने एकट्याने केलेलं नाही. विचारलं. नातीने करून दिला होता.

साडेआठला चाचणी संपली. तो पास झाला. मी लगेच शेवटच्या पानाचं प्रिंट काढलं. हे तुम्हीही काढा, प्रत्येकाचं, त्याच दिवशी, कारण नंतर कोणी विचारलं तर यादी शोधण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं. विषय 11 आला तेव्हा जज म्हणाले, कार्यवाहीची गरज नाही, पुढे. मागच्या रांगेत तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. दुपारी जजसाहेबांनी सही केली आणि राज्याकडे अहवाल गेला. 41 पैकी 41. मी गाडीत बसून घरून नेलेली शेंगाचटणी-पोळी खाल्ली आणि पाच मिनिटं कुणाचाही फोन उचलला नाही.

हो, अजून एक. कोर्सची लिंक सगळ्यांना मेल करण्याआधी प्रत्येक ऑफिसात फोन करून सांगा की मेल माझाच आहे. पहिल्या खेपेला मी नुसतीच लिंक पाठवली होती. टॅक्स ऑफिसातल्या एका क्लार्कने आदल्या वर्षीच्या कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे अनोळखी लिंक उघडली नाही, मेल फसवा म्हणून कळवला आणि आमच्या कॉम्प्युटरवाल्याने माझं खातं दोन दिवस बंद ठेवलं.