तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेतं, आणि वर ‘मेलेली’?

बायबलचं मराठी भाषांतर करताना यशयाच्या पुस्तकातलं 37:36 वाचून हा प्रश्न हटकून येतो. अश्शूरच्या छावणीत एका रात्रीत 1,85,000 माणसं मरतात आणि सकाळी उठून पाहावं तर, शब्दशः, ‘सगळी मेलेली प्रेतं’. न मेलेलं प्रेत असतं का कधी?

मूळ हिब्रू आहे ‘पगारीम मेतीम’. मेतीम म्हणजे मेलेले. त्यात वाद नाही. पगारीम हे ‘पेगेर’चं अनेकवचन. (आपल्या पगाराशी नातं नाही, तो पोर्तुगीजांचा.) कोशात पेगेरसमोर ‘प्रेत’ असतं आणि तिथेच फसायला होतं. अक्कदी या हिब्रूच्याच कुळातल्या प्राचीन भाषेतलं त्याचं भावंड ‘पग्रू’ प्रेताला चालतं, तसंच जित्या अंगालाही. हिब्रूतही 1 शमुवेल 30:10 मध्ये प-ग-र हीच अक्षरं क्रियापदात येतात: दाविदाची 200 माणसं इतकी गळून गेली की त्यांना बसोर ओढा ओलांडवेना. मेली नाहीत, गळाली. यशयातल्या जोडीत पेगेर म्हणजे नुसतं ‘अंग’ धरलं की मेतीम फुकट जात नाही. जुन्या ग्रीक भाषांतरानेही ‘सोमाता नेक्रा’, मृत देह, असंच केलं.

मराठीत याला जवळचा शब्द ‘कलेवर’. गीतेत (8:5) अंतकाळी सोडायचं ते कलेवर म्हणजे शरीर. आज आपण म्हणतो ते प्रेत. म्हणून ‘निष्प्राण कलेवरं’ कानाला खटकत नाही, ‘मेलेली प्रेतं’ खटकतं.

पण भाषांतरात एकच शब्द सगळीकडे ठोकू नका. पेगेर बहुधा रणात किंवा रानात बेवारस पडलेलं असतं. तिथे ‘पार्थिव’ लिहिलं तर हसू होईल. बायकोला, सारेला, पुरताना (उत्पत्ती 23) अब्राहाम पेगेर म्हणत नाही, ‘माझं मेलेलं माणूस’ म्हणतो. तिथे आपलं ‘मयत’ चपखल बसतं. आपोआप मेलेल्या जनावराला लेवीय 11 मध्ये ‘नेवेला’ आहे, पण ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (21:23) तोच शब्द फाशी दिलेल्या माणसाला. एकदा ‘मेलेलं जनावर’, एकदा ‘प्रेत’, इलाज नाही.

लेवीय 26:30 मात्र जपून. देव म्हणतो, तुमचे पगारीम तुमच्या मूर्तींच्या पगारीमवर टाकीन. शब्द मुद्दाम दोनदा आलाय. ‘प्रेतं’ आणि ‘अवशेष’ असे दोन शब्द घातले की टोमणा गेलाच. ‘तुमची मढी तुमच्या मूर्तींच्या मढ्यांवर’ असंच हवं.

यहेज्केल 43:7 मध्ये राजांचे पगारीम आहेत. सीरियातल्या उगारित या प्राचीन शहरात दगान देवाला वाहिलेल्या दोन शिळांवर प-ग-र कोरलेलं सापडल्यापासून काही अभ्यासक इथे ‘स्मारकशिळा’ वाचतात. मजकुरात ‘प्रेतं’ ठेवा, शिळा तळटीपेत.