कुकरचा डबा आणि डेकची गळती

शनिवार, रात्रीचे साडेदहा. फाल्मथ, कॉर्नवॉल, इंग्लंड.

बाहेर नैऋत्येचा वारा सुटलाय, पाऊस नुसता आडवा मारतोय आणि मी आमच्या बोटीतल्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, पाय पोटाशी घेऊन कुकरच्या डब्याकडे टक लावून बसलेय. दोन हिवाळे झाले, हा डबा माझ्या उशीशेजारी असतो, त्यात टपटप पडतं, म्हणून बोटीवर वरण आणि भात एकदम होत नाही. खिचडी. रोज खिचडी.

बोट १९७८ची, बत्तीस फुटी, फायबरग्लासची. लोकांना वाटतं अख्खा एकसंध टब, त्यात गळायचं काय! पण डेक, म्हणजे बोटीवरची चालायची जागा, हे सँडविच असतं, वर-खाली फायबरग्लास आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड, आणि त्यावर कठड्याचे खांब, कप्प्या, दोर बांधायच्या खुंट्या, प्रत्येकाला तीन-चार बोल्ट, म्हणजे तेवढी भोकं.

माझा गाढवपणा असा की थेंब उशीवर पडतो म्हणजे भोक उशीच्या डोक्यावरच, असं धरून मी दोन वर्षं वरच्या खिडकीभोवती सिलिकॉन थापत बसले. शेवटी आतलं अस्तर फाडून काढलं, नवरा टॉर्च घेऊन आत आणि मी वर मगाने पाणी ओततेय, एकेका जागी दहा मिनिटं, सगळ्यात खालच्या भोकापासून सुरू करून वर वर. पाणी येत होतं चार फूट पुढच्या खांबाच्या बुडातून! बोटीचं नाक जरा वर असतं, तिथून अस्तराआडून गपचूप मागे वाहत माझ्या उशीपर्यंत.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डेक वाजवत गेले, माठ घेताना वाजवून बघतो ना तसं. टक टक टक, आणि खांबापाशी थप्प. बोल्ट काढला तर चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, वास ओल्या पोळपाटाचा. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतला कुजका बाल्सा खरवडून काढला, वर ताडपत्री टाकून तीन दिवस हीटर लावला, मग खालून टेप मारून भोकात इपॉक्सी भरलं, म्हणजे वाळून दगडासारखं घट्ट होणारं राळेसारखं रसायन. इथल्या थंडीत ते लवकर धरत नाही म्हणून वर शेकायची पिशवी ठेवली, माझ्या कंबरेची. दुसऱ्या दिवशी त्या घट्ट इपॉक्सीच्या मधोमध नवीन भोक, म्हणजे पुढेमागे पाणी आलंच तरी बाल्साला लागणार नाही. सिलिकॉनचा राग मात्र जात नाहीये, त्याचा तेलकटपणा राहिला की वर काही चिकटत नाही, दोन दिवस ब्लेडने खरवडत होते, स्वतःचीच करणी.

आज खांब परत बसवला. ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी, समईच्या वातीसारखी वळायची आणि बोल्टच्या मानेला गुंडाळायची. वर बोल्ट जराही हलू द्यायचा नाही, तो फिरला की टेप पिळवटते, फिरवायचा तो खालचा नट. नवरा कपाटात डोकं खुपसून उताणा.

"फिरव रे, धरलाय मी."

"कुठल्या बाजूला?"

"घड्याळाच्या!"

"कुणाच्या घड्याळाच्या? मी उलटा आहे."

संध्याकाळी आईचा देवगडहून फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मे महिन्यात कौलं चाळून घेतात तशी बोट बघून घ्यायला काय झालं होतं? काय सांगणार, मे महिन्यात आम्ही शिडं वर करून फिरत होतो, छान ऊन होतं.

चार तास पाऊस पडतोय, डबा कोरडा. मधे एकदा बोट घालून पण पाहिलं. नवरा म्हणतो, मग उद्या वरणभात? म्हटलं थांब जरा, ब्युटाइल दाबाने हळूहळू बाहेर येत राहतं, अजून आठवडाभर रोज थोडा थोडा नट आवळायचाय. तोवर डबा तिथेच.