दापोलीला ट्रेलरवरून आलेलं घर

दापोलीजवळच्या जागेत चिऱ्याचंच घर बांधायचं ठरत होतं. पण गवंडी दिवाळीनंतर हात लावणार, पावसाआधी छप्पर चढायला हवं आणि आम्ही दोघंही पुण्यात नोकरीला. शेवटी चाकणकडच्या एका कारखान्यात मॉड्युलर घर सांगितलं, म्हणजे कारखान्यातच तयार करून ट्रेलरवरून आणायचं आणि जागेवर जोडायचं.

पहिली कात्री आराखड्यालाच लागली. रस्त्यावर साधारण २.६० मीटर रुंदीपर्यंतचीच गाडी चालते; त्याहून रुंद माल न्यायचा तर वेगळी परवानगी. म्हणून घराची दोन लांबट खोकी झाली. मधल्या बाजूला दोन्हींना भिंतच नाही. जोडली की हॉल तयार.

गॅल्व्हनाइज्ड स्टीलचा सांगाडा, बाहेरून सिमेंट फायबर बोर्ड, पोटात रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. वायरिंग, नळ, बाथरूमच्या फरशासुद्धा कारखान्यातच. त्याच काळात इकडे जोतं आणि सेप्टिक टाकी. वेळ वाचतो तो या दोन आघाड्यांमुळे. मात्र स्विचबोर्ड कुठे, सिंक कुठल्या भिंतीला, हे सगळं स्टील कापायच्या आधी सही करून द्यायचं. गवंड्याला "खिडकी जरा अलीकडे घ्या" म्हणता येतं, ती मुभा इथे नाही. मला ते बरं वाटलं, बायकोला अजिबात नाही.

जोत्याला आलेल्या गवंडीकाकांनी विचारलं, "साहेब, निसर्ग वादळात अख्खी छपरं गेली. हा डबा टिकेल?" प्रश्न चोख होता. जून २०२० मध्ये या भागाने ते भोगलंय. चिऱ्याची भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहते, हलक्या घराला वारा उचलू बघतो. म्हणून सांगाडा काँक्रीटमध्ये पुरलेल्या बोल्टांवर आवळतात. ते बोल्ट जरा सरकले की भोकं जुळत नाहीत. काकांनी दोरी इतक्या वेळा ताणून पाहिली की कारखान्याचा इंजिनिअरच कंटाळला.

क्रेनने दोन्ही खोकी एका दुपारीच बसली. त्याआधी गल्लीतली आंब्याची फांदी मात्र तोडावी लागली. मधल्या सांध्यावर सीलंट भरलं, पण कोकणातल्या पावसात नुसत्या सीलंटवर माझा विश्वास नाही. दोन्हींवर मिळून उतरतं पत्र्याचं छप्पर घातलं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील असं.

खर्च चिऱ्यापेक्षा कमी झाला नाही. मे महिन्यात दुपारी घर चिऱ्याच्या घराइतकं गार राहत नाही, रात्री मात्र लवकर निवतं. आणि भिंतीत कुठेही खिळा ठोकता येत नाही: आधी लोहचुंबक फिरवून आतला स्टीलचा उभा खांब शोधायचा, मग स्क्रू.